लव्हाळ्यातली बाळंतीण

मुक्काम आपलंच गाव, मोहगावच्या वाटेवरचं

प्रिय गौरव,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस. घरी सगळे ठणठणीत आहेत, बाबांचा गुडघा सोडून, आणि तो गुडघा तर तुझ्या जन्माआधीपासून कुरकुरतो आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण हल्ली फोनवर तू "बरं आई, ठेवतो आई" याच्या पुढे जात नाहीस. मागून रेवाचं रडणं ऐकू येतं, काहीतरी सांडल्याचा आवाज येतो आणि आपलं बोलणं तिथेच संपतं. पत्राचं बरं असतं. पोर उठली की खाली ठेवावं, निजली की उचलावं, ते काही रुसत नाही. तर आधी बातमी सांगते, कारण ती दाबून दाबून माझं पोट दुखायला लागलं आहे. आपल्या तळ्यातला लव्हाळा वाचला! भर ग्रामसभेत, गावाने हात वर करून वाचवला, आणि ज्यांनी तो वाचवला त्यांच्यात तुझी आई पहिल्या रांगेत होती. तुझ्या आईला रांगेत उभं राहायची सवय नाही, हे तुला माहीतच आहे.

लव्हाळा म्हणजे कोणता, हे तुला सांगायला नको. पण सूनबाई ऋतुजा पडली नागपूरची, तिला हे वाचून दाखवशील म्हणून सांगते. ओढा येऊन तळ्याला मिळतो त्या उथळ अंगाला, कमरेएवढा वाढणारा, तीन धारांच्या दांड्याचा आणि डोक्यावर तपकिरी तुरे मिरवणारा, तो लव्हाळा. शेतात तण म्हणून माजणाऱ्या मोथ्याचा थोरला भाऊ. तू आणि राजू त्याचा एक दांडा दोघांनी दोन टोकांनी चिरत जायचात. मधोमध अखंड चौकट तयार झाली की दोस्ती पक्की, धागा तुटला की कट्टी. दिवसातून चार वेळा तुमची कट्टी व्हायची आणि संध्याकाळी राजूची आई माझ्याशी भांडायला यायची. त्या लव्हाळ्याइतकी चिवट वस्तू मी दुसरी पाहिली नाही. ज्या उन्हाळ्यात तळं आटून भेगाळलं आणि तुम्ही पोरं त्यात क्रिकेट खेळलात, तेव्हा कोणीतरी तो वाळलेला पेटवूनही दिला होता. म्हशींनी तुडवला, लोकांनी गाळाबरोबर खणून नेला, आणि पाणी आल्यावर पठ्ठ्या पुन्हा हिरवागार उभा. त्याच गाळातून त्याच्या गाठी आपल्या संत्र्याच्या बगिच्यात आल्या आणि तेव्हापासून तुझे बाबा त्याचे हाडवैरी झाले. कापूस-संत्र्याच्या माणसाला तीन धारांचं काही दिसलं की हात आपोआप खाली जातो. मी लग्नाच्या मांडवात जाताना वाटेतला मोथा उपटते, म्हणून तू मला किती हसायचास.

तर यंदा राखीच्या सुमाराला सरपंच रघुनाथराव योजना घेऊन आले. तळ्याचं सौंदर्यीकरण. चहूबाजूंनी दगडी काठ, फिरायला वाट, बसायला बाक, आणि एक मोठं लाल बदाम, ज्याच्यापुढे उभं राहून फोटो काढायचा. जिल्हा आता पांढुर्ण्याला आला आहे, साहेब लोक कधीही येऊन पाहतील, असं त्यांचं म्हणणं. आणि पोळ्याच्या आधी निदान ओढ्याकडचा तो "मोथ्याचा कचरा" काढून बैल धुवायला घाट मोकळा करायचा. गाव खूश. तुझे बाबा तर सगळ्यांत खूश. "माह्या हातानं उपटाले आलो असतो, पण गुडघा आडवा येऊन राहिला," असं चावडीवर बोलले. मीही काही वेगळं म्हटलं नाही. मोथा काढायला कापसाच्या गावात कोण नाही म्हणणार?

आडवी आली ती शकुबाई. रेवाच्या बारशाला ऋतुजाच्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडणारी, ती म्हातारी. निम्म्या गावाची सुईण, तुलाही तिनेच या जगात ओढून आणलं. ती चटईसाठी लव्हाळा कापायला गेली आणि विळा तिथेच टाकून धापा टाकत आमच्या ओसरीवर आली. "उर्मिले, चाल पाहाले. लव्हाळ्यात बाई बसली हाये." मला वाटलं, कोणी घरातून भांडून येऊन बसली. जाऊन बघते तर एक पाणलावी! मोडक्या दांड्यांची गादी करून, बरोबर लव्हाळ्याच्या गचपणात, मातकट रंगाचा पक्षी अंड्यांवर बसलेला. हललाच नाही. आम्ही फार जवळ गेलो तेव्हा ठिपक्या-ठिपक्यांचे पंख पसरून फिस्स केलं. शकुबाई म्हणाली, "भरल्या दिवसाची बाई आपल्या गावाले माहेर समजून आली. पहिलटकरीन दिसते. आता तिले मशीनीनं हाकलाचं? पाप कोनाच्या बोडक्यावर?" आणि तिने काय केलं ठाऊक आहे? कडुलिंबाचा डहाळा तोडून आणला आणि लव्हाळ्याच्या तोंडाशी चिखलात रोवला. बाळंतिणीच्या दारावर टांगतो तसा. आत बाळंतीण आहे, परक्याने पाऊल टाकू नये, गोंगाट करू नये, खणूबिणू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी आला. चालवणारा हेमराज, सौंसरकडचा तरुण पोरगा. आम्ही पाच-सहा बायका काठावर उभ्या होतो, आणि खरं सांगते, भांडणाची अख्खी तयारी मी घरून करून गेले होते. पण भांडायची वेळच आली नाही. त्याने लिंबाचा डहाळा पाहिला, मशीन बंद केलं, खाली उतरला आणि विचारलं, "काकू, कोन हाये आत?" शकुबाईने बोट दाखवलं. त्याने वाकून पाहिलं, हसला नाही बघ. म्हणाला, "माह्या घरीबी बाई दिवसात हाये. लिंबाच्या पलीकडं मी मशीन नाई घालत." रघुनाथराव तिथेच होते. पाखरासाठी काम थांबवता म्हणून त्यांनी आरडाओरडा केला, दुसरा ड्रायव्हर आणतो म्हणाले. हेमराज म्हणाला, आणा. पण पंचक्रोशीत असा ड्रायव्हर मिळायला हवा ना, ज्याच्या घरी आई नाही, बायको नाही, बहीण नाही! तो काही मिळाला नाही. लव्हाळा पोळ्यापर्यंत तरी वाचला.

मग काय विचारतोस, गावातल्या बायकांना कामधंदाच उरला नाही. निंदणाला जाताना वाकडी वाट करून आधी बाळंतिणीला बघायचं. मीही सकाळची गुरं सोडली की जायची. आणि गौरव, इतकी वर्षं त्या तळ्यावर धुणं धुतलं, पण लव्हाळ्यात काय काय नांदतं ते यंदा पहिल्यांदा पाहिलं. मुनिया तुऱ्यावर बसून तो वाकवून बी खातात. सुगरण पात्याची कड चोचीत धरून सरळ पट्टी फाडून नेते, आपण केळीचं सोपट काढतो ना, तशीच. दांड्यांना चतुरांच्या रिकाम्या कातड्या चिकटलेल्या. मुळांशी पाणी निवळशंख आणि त्यात मरळीच्या पिल्लांचा लालसर घोळका, आई खालून पहारा देत फिरणारी. पाणकोंबडी काळ्या कापसाच्या गोळ्यांसारखी पिल्लं घेऊन आत शिरते ती दिसेनाशीच होते. तळ्याची बाकीची बाजू आपण धुऊन-खरवडून साफ ठेवलेली, तिथे यातलं एकही नाही. शकुबाईचं मात्र लक्ष एकाच गोष्टीवर. संध्याकाळी दुसरा एक पक्षी यायचा, मान तांबूस, डोळ्याभोवती पांढरं काजळ, एकदम नटलेला. तो बाटलीत फुंकल्यासारखा आवाज काढायचा आणि निघून जायचा. तिने त्याला शिव्या घालून घालून जेरीस आणलं. "पाहा मेला बाप! पोटुशीले बसवलं अन् सोता छैलछबिला होऊन हिंडून राहिला." आम्ही सगळ्या हो ला हो करायचो. एकीने तर त्याला माझ्या दिराचं नाव ठेवलं, ते इथे लिहीत नाही, बाबा पत्र वाचतील.

पोळा जवळ आला तशी माझी झोप उडाली. अंडी अजून फुटली नव्हती आणि बैल तर धुवायचेच होते, त्याच घाटावर, वाडवडिलांपासून धूत आले तिथेच. सगळ्या गावाचे बैल, पोरं, ढोल त्या अंगाला उतरले असते तर गादीचा चेंदामेंदाच. शकुबाई घरोघर सांगून आली, पण बाप्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी घरी दोन दिवस बोलले नाही. तुझ्या बाबांना माझं बोलणं चालतं, न बोलणं चालत नाही. पोळ्याच्या सकाळी त्यांनी सर्जा-राजाला बाहेर काढलं, आणि आपली जोडी दरवर्षी मानाने पुढे असते हे तू जाणतोसच, सगळे तिच्या मागे. ओढ्याकडच्या वळणाशी आले आणि बाबांनी कासरा उलटा ओढला. सडकेच्या बाजूच्या उताराला जोडी घातली. मागून कोणीतरी ओरडलं, "काका, चुकले का?" बाबा मागे न बघता म्हणाले, "माहेरवाशीण बसली हाये तिकडं. चाला गुमान." मानाची जोडी जिकडे, गाव तिकडे. यंदाचे सगळे बैल सडकेच्या बाजूला धुतले गेले. ज्या माणसाने आयुष्यभर मोथा उपटला, त्याने हे करावं! मी त्या दिवशी पुरणपोळीवर दुप्पट तूप ओतलं. गुडघ्याचं पथ्य गेलं चुलीत.

पोळ्याची कर झाली, पांढुर्ण्याची दगडफेकीची गोटमार झाली, आणि दोनेक दिवसांत पिल्लं निघाली. चारही. उन्हात वाळत घातलेल्या मुगोड्या चालायला लागल्या असं वाटावं, इतकी लहान. मातकट पक्षी पुढे आणि पिल्लं मागे, लव्हाळ्याच्या बोळाबोळांतून. शकुबाईने हातात गूळ घेऊन अख्खं गाव गोड केलं. आणि नेमकं तेव्हा रघुनाथरावांनी सौंसरहून अमिता मॅडमना आणलं. त्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. पाखरू साधंसुधं आहे, कुठेही घरटं करतं, एवढं त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं आणि उरलेलं काम उरकायचं, हा डाव. मॅडमनी दुर्बिणीतून पुष्कळ वेळ पाहिलं. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "ही बाळंतीण नाही. हा बाप आहे." पाणलाव्यात नटलेली असते ती मादी. ती अंडी घालते आणि आपल्या वाटेने जाते. अंड्यांवर बसणं, पिल्लांना चारणं, पंखाखाली घेणं, सगळं नराचं. लहानपणापासून मोर पाहिलेली आम्ही माणसं, नटलेला तो नर असंच धरून चाललो. शकुबाईचं तोंड असं झालं की मला हसू आवरेना आणि तिच्याकडे बघवेना.

गावभर हशा उसळला. सुईणीने बाप्याला बाळंतीण ठरवलं! चार दिवस म्हातारी घराबाहेर पडली नाही. रघुनाथरावांनी ती संधी बरोबर साधून ग्रामसभा बोलावली. समाजमंदिर गच्च भरलं. त्यांचं बोलणं सरळ होतं: बाळंतीण म्हणून काम थांबवलं, आता बाळंतीणच नव्हती हे सिद्ध झालं, मग लिंब कसला आणि माहेर कसलं? उद्या मशीन लावतो. लोक हसत होते, माना हलवत होते. अमिता मॅडम उठून नीट समजावून म्हणाल्या की पिल्लं अजून उडत नाहीत, लव्हाळा गेला तर त्यांना आडोसा नाही. मरळीची पैदास, बेडूक, हिवाळ्यात गाठी उकरून खाणारी बदकं, सगळं त्या एका पट्ट्यावर आहे, आणि दगडी काठावर यातलं काहीही जगत नाही. लोकांनी ऐकलं, पण हसण्याची लाट ओसरली नव्हती. मी उठले, पण मला काय बोलावं तेच सुचेना. तुझ्या आईला! आणि तेवढ्यात मागून शकुबाई काठी टेकत पुढे आली.

तिचं बोलणं जसंच्या तसं लिहिते. "हसा बाप्पा, हसा. मी जलमभर बाळंतपणं केली. बाई वळखाले कवा चुकली नाई. पण लेकरावर बसलेला बाप मले कवा दिसलाच नाई, तर वळखू कशी?" मग ती रघुनाथरावांकडे वळली. "अन् लिंबाचं म्हनता, तर आयका. लिंब बाईसाठी नसते टांगत. लेकरासाठी टांगते. तिथं लेकरं हायेत का नाई, तेवढं सांगा." रघुनाथरावांनी हात वर करायला सांगितले, तेव्हा पहिला हात मागच्या दाराशी उभ्या हेमराजचा, जो आमच्या गावचा मतदारसुद्धा नाही. त्याला लोकांनी खाली करायला लावला आणि हसत हसत आपापले वर केले. बाबांनी दोन्ही केले. दगड आता फक्त सडकेच्या बाजूला लागणार, जिथे यंदापासून बैल धुतले जातील. ओढ्याकडचा लव्हाळा तसाच राहणार, कायमचा, ठरावात लिहून. ते लाल बदामही लागणार आहे म्हणे. लागू दे. रघुनाथरावांनाही काहीतरी मिळायला हवं. ते तसे मनाचे चांगले आहेत, काल स्वतः नातवाला खांद्यावर घेऊन पिल्लं दाखवत होते.

आता हे सगळं तुला एवढं सविस्तर का लिहिलं, ते सांगते. महालक्ष्म्या बसल्या, उठल्या, आणि तू आला नाहीस. तू कारण सांगितलंस की ऋतुजाची ड्यूटी आहे, रेवाला प्रवास झेपणार नाही. खरं कारण काय ते मला कळतं रे. बारशाच्या दिवशी तुझी आत्या भरल्या पंगतीत म्हणाली होती, "बायको इंजिन हाकून राहिली अन् हा लंगोट धुवून राहिला," आणि सगळे हसले होते. नोकरी सोडून तू आमल्याच्या त्या क्वार्टरमध्ये एकटा पोर सांभाळतोस, ऋतुजा रेल्वेची गाडी घेऊन इटारसी-नागपूर करते, आपल्या पांढुर्ण्यावरून जाते आणि तू मात्र तिथे कधी उतरत नाहीस. तर ऐक. ग्रामसभा उठली आणि दारातच शकुबाईने मला हटकलं. "उर्मिले, आपला गौरव पोट्टी घेऊन एकटाच बसला हाये नं तिकडं? मंग त्याचं माहेर कोनतं?" मी घरी येऊन बाबांना हे सांगितलं. उठले, माळ्यावर चढले, तो गुडघा घेऊन, आणि तुझा पाळणा खाली काढला. नव्या दोऱ्या वळल्या, कडीला बांधला आणि तुरीच्या डाळीची थैली आत ठेवून कितीतरी वेळ झोका देऊन पाहिला. दोर वजन धरतो, म्हणाले. गौरव, लेकीला बाळंतपणाला आणायला बाप जातो. शनिवारी बाबा आमल्याला येतील, सामान बांधून ठेव. दोन महिने इथे राहायचं, रेवाला मी न्हाऊ घालीन, शकुबाई तिला तेल लावील, आणि तुला गरम जेवण आणि दुपारची झोप. आत्या आलीच तर तिला मी बघून घेईन, तिचं तू माझ्यावर सोड. ऋतुजाला सांग, सुट्टी मिळेल तेव्हा तिने यावं, तिच्यासाठी ताट वेगळं वाढून ठेवते. लाजू नकोस, माझ्या राजा. तू माहेरी येतो आहेस.

तुझीच, आणि आता रेवाची थोडी जास्तच,
आई